वजीर नाही म्हणतो

झरीच्या माणिकरावांना आयुष्यात कुणी कधी सल्ला विचारला नव्हता. माणूस वाईट नव्हता, उलट गावात त्यांचं कुणाशी वाकडं म्हणून नव्हतं. कालव्याच्या कडेला थोडी काळी जमीन, दारात एक म्हैस, घरात बायको नर्मदाबाई, आणि मुलगा योगीराज पुण्याला कंपनीत. पण चार माणसं बसली आणि माणिकरावांनी तोंड उघडलं की नेमकं त्याच वेळी दुसरं कुणीतरी मोठ्यानं बोलायला लागायचं. मग माणिकराव आपलं अर्धं वाक्य चहाबरोबर गिळून टाकायचे. पुढं पुढं तर ते तोंड उघडायच्या भानगडीतच पडेनासे झाले.

त्यांचा कुत्रा मात्र गावाच्या नजरेत भरण्यासारखा होता. परभणीच्या एका कापडवाल्याच्या विलायती कुत्रीला गावठी बापापासून झालेलं ते पिल्लू. रंग गुळासारखा, अंगावर दाट केस, आणि कान असे लांब की पाणी प्यायला वाकला की जिभेआधी कानच भिजायचे. तोंड सदा गंभीर, जणू निजामाच्या दरबारातला कुणी जुना मानकरी. म्हणून माणिकरावांनी त्याचं नाव ठेवलं वजीर. वजीराला एकच शौक, पोहण्याचा. दिवाळीनंतर कालव्याला पाणी सुटलं की हा सकाळ-संध्याकाळ त्यात. बाहेर यायचा, अंग झटकायचा, आणि ओल्या कानांनीच माणिकरावांच्या मागं मागं पप्पूच्या हॉटेलावर यायचा.

त्या वर्षी सोयाबीन घरात येऊन पडलं होतं आणि भाव काही हालत नव्हता. पप्पूच्या हॉटेलापुढच्या बाकड्यावर सगळ्यांच्या तोंडी तोच विषय. लिंबाजी नावाचा माणिकरावांचा बांधभाऊ तर पार मेटाकुटीला आला होता. ठेवावं तर उंदीर, विकावं तर हळहळ. शेवटी त्यानं वैतागून, कुणाकडे न बघता विचारलं की बाबांनो, उद्या गाडी भरून मोंढ्यात विकायला नेऊ का?

बाकड्याखाली पडलेला वजीर उठून बसला. त्यानं मान एका अंगाला कलती केली, क्षणभर तसाच राहिला, आणि मग जोरजोरात डोकं हलवलं. कान दोन्ही गालांवर फटाफटा वाजले.

"लिंबाजी, वजीर न्हाई म्हनला बरं का," पप्पू चहा गाळता गाळता म्हणाला.

सगळे हसले. लिंबाजीही हसला. पण दुसऱ्या दिवशी त्यानं काही गाडी भरली नाही, आणि थोड्याच दिवसांत भाव चढला. लिंबाजीनं वजीराला बिस्किटाचा अख्खा पुडा चारला आणि आठवडी बाजारात ही गोष्ट ज्याला-त्याला सांगत फिरला.

तिथून सगळं सुरू झालं. सिद्धोधन म्हणून शाळेतले शिपाई होते, ते जुनी जीप घ्यायच्या विचारात होते. त्यांनी येऊन थट्टेथट्टेत वजीराला विचारलं. वजीर नाही म्हणाला. ती जीप दुसऱ्याच कुणी घेतली आणि घेतल्या आठवड्यात तिचं इंजिन रस्त्यातच बसलं. मग थट्टा थांबली आणि माणसं खरोखरच विचारायला येऊ लागली. कुणाला मेहुण्याला जामीन राहायचं होतं, कुणाला भर थंडीत बोअर पाडायचा होता, कुणाला भावकीतल्या जुन्या भांडणासाठी पुन्हा वकील करायचा होता. वजीर मान कलती करून ऐकायचा. ते ऐकणं बघूनच माणसं गार व्हायची. आणि मग फटाफट कान. नाही, नाही आणि नाही.

गंमत अशी, की त्याच्या नाहीनं गावाचं भलंच होत होतं. माणूस ज्या कामाबद्दल कुत्र्याला विचारायला येतो ते काम बहुधा न केलेलंच बरं असतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माणिकरावांच्याही नाही. कारण त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच माणसं त्यांना शोधत घरी येत होती. आल्या माणसाचा प्रश्न आधी माणिकराव ऐकून घेत आणि मग स्वच्छ आवाजात वजीरापुढं मांडत. पप्पूनं बाकड्याची उन्हाकडची जागा त्यांच्यासाठी राखून ठेवली. ते बोलायला लागले की आता मध्ये कुणी बोलत नव्हतं. घरी जाताना त्यांची चालसुद्धा बदलली होती, असं नर्मदाबाईंनी म्हशीपाशी उभ्या राहून बघितलं होतं.

नर्मदाबाईंनी आणखीही काही बघितलं होतं. वजीर पूर्वी भाकरी खाऊन झाली की त्यांच्या मांडीवर डोकं टाकायचा आणि कान चोळून घ्यायचा. आता त्यांचा हात डोक्याकडं गेला की तो अंग चोरायचा. उंबऱ्याला, बाजेच्या पायाला, म्हशीच्या खुंट्याला तो डोक्याची डावी बाजू घासत राहायचा. मागच्या पायानं कान खाजवायला लागला की खाजवता खाजवता कण्हायचा. आणि तो जवळून गेला की आंबलेल्या पिठासारखा वास यायचा. त्यांनी नवऱ्याला हे सगळं सांगितलं. माणिकरावांनी ऐकून घेतलं, आणि लिंबाजीनं सुचवलं म्हणून करडीचं तेल कोमट करून वजीराच्या कानात ओतलं. तेवढ्यानं आपलं काम झालं असं त्यांना वाटलं. वजीर मात्र त्या दिवशी दुप्पट डोकं हलवायला लागला, आणि हॉटेलावर दुप्पट माणसं जमली.

तेव्हा एका सकाळी, माणिकराव अंगणात चहा पीत बसले असताना, नर्मदाबाई वजीरापुढं उकिडव्या बसल्या.

"वजीर, आज दिस उगवला का रं?" त्यांनी विचारलं.

कान फडफडले.

"मी तुला रोज भाकर घालते का न्हाई?"

पुन्हा फडफडले.

"आन हे समोर बसलेत ते तुजे मालक हायेत का?"

वजीरानं डोकं इतकं हलवलं की त्याचा तोल गेला आणि तो जरासा कोलमडला.

नर्मदाबाई उठल्या. "झालं? दिस उगवला न्हाई, मी भाकर घालीत न्हाई, आन तुमी त्याचे कुनी न्हाई. आवं, त्यो काई सांगंना तुमाला. त्याचा कान दुखायलाय."

माणिकरावांच्या हातातला चहा तसाच राहिला. त्यांना कळलं नव्हतं असं नाही. पोटात कुठंतरी ते कधीचं कळलेलं होतं. पण त्याच दिवशी आबासाहेब वजीराला विचारायला येणार होते. आबासाहेब म्हणजे गावातली सगळ्यात मोठी जमीन, पांढरेशुभ्र कपडे, आणि समोरच्या माणसानं हो म्हणावं अशी सवय. माणिकराव बायकोला म्हणाले की आजचा दिवस जाऊ दे, उद्या सकाळी पहिलं काम दवाखान्याचं. नर्मदाबाई भांडी घासायला लागल्या, आणि भांडी जरा जास्तच वाजली.

पप्पूनं वजीरासाठी झेंडूचा हार आणून ठेवला होता. हॉटेलापुढं उभं राहायला जागा नव्हती. आबासाहेब गाडीतून उतरले, खुर्चीवर बसले, आणि त्यांनी आपला बेत सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगितला. कालव्याखालचं त्यांचं जे मोठं रान होतं, तिथं कापूस-तूर बंद करून ड्रॅगन फ्रूटची बाग लावायची. मोबाइलवर त्यांनी त्याचे पुष्कळ व्हिडिओ बघितले होते. सिमेंटचे खांब कुठून आणायचे तेही ठरलं होतं. ज्यांना ज्यांना त्यांनी विचारलं होतं ते सगळे हो साहेब, झकास होईल साहेब, असंच म्हणाले होते. तरी आपलं एकदा वजीराला विचारावं, म्हणून आले होते.

माणिकरावांचं रान आबासाहेबांच्या रानाला लागूनच होतं. ते ऐकताना त्यांच्या मनात काहीतरी आलं, पण ते काय आलं हे बघायची ती वेळ नव्हती. त्यांनी घसा खाकरला आणि प्रश्न वजीरापुढं ठेवला.

वजीरानं मान कलती केली आणि तशीच ठेवली. डोकं हलवेना. माणसं पुढं सरकली. गळ्यात घातलेला हार डाव्या कानावर आला होता, म्हणून माणिकरावांनी तो सरळ करायला हात घातला. त्यांची बोटं कानाखाली गेली मात्र, वजीर असा केकाटला की पप्पूच्या हातातली किटली कलंडली. त्यानं वळून माणिकरावांच्या मनगटाला दात लावले. लावले, पण रोवले नाहीत. पुढच्या क्षणी त्यानं स्वतःच हात सोडला, मनगट चाटलं, आणि आपलं डोकं माणिकरावांच्या दोन गुडघ्यांमध्ये खुपसून तो थरथर कापायला लागला. मग डोकं बाहेर काढून त्यानं एकदा झटकलं, आणि आबासाहेबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर तपकिरी ठिपके उमटले.

आबासाहेबांनी सदऱ्याकडं बघितलं. बाकी सगळ्यांनी आबासाहेबांकडं बघितलं. माणिकराव मात्र कुणाकडंच बघत नव्हते. त्यांनी हळूच वजीराचा कान उलटा केला होता. आतून तो लालभडक झाला होता, सुजून नळीचं तोंड बुजत आलं होतं, आणि तपकिरी चिकट घाण केसांना धरून बसली होती. वास तर असा की जवळचा माणूस मागं सरला. ह्याच कानाच्या आवाजावर आपण रोज मानपान करून घेत होतो, असं माणिकरावांना वाटलं, आणि त्यांचे कान गरम झाले.

ते उभे राहिले. एवढ्या माणसांपुढं ते कधी उभे राहिले नव्हते.

"मंडळी, ह्यो काई सांगत न्हाई. सांगतच नव्हता. त्याचा कान सडलाय, म्हनून डोकं झटकत होता. मला घरातून सांगितलं होतं, म्या ऐकलं न्हाई."

लिंबाजीनं खाली बघितलं. पप्पू वजीराच्या गळ्यातला हार काढू लागला, आणि तो काढताना त्याचा चेहरा एखाद्याच्या दुकानाची पाटी उतरवावी तसा झाला होता. आबासाहेब सदरा रुमालानं पुसत होते. पुसून डाग आणखी पसरला. मग त्यांनी रुमाल खिशात घातला.

"मग थांबलाव कशाला, माणिकराव? घाला गाडीत," ते म्हणाले.

वाटेत घरापाशी गाडी थांबवून नर्मदाबाईंना घेतलं. त्यांनी मागच्या सीटवर बसून वजीराचं डोकं मांडीवर घेतलं, दुखरी बाजू वर ठेवून, आणि परभणी येईपर्यंत त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर वैजयंती नावाची तरुण बाई होती. तिनं आधी कानाला हात लावलाच नाही. वजीर कसा चालतो, मान कुठल्या बाजूला धरतो ते बघितलं, मग दुरूनच कानाचा वास घेतला आणि मान डोलावली. केव्हापासून असं करतोय, पाण्यात जातो का, कानात काही घातलं होतं का, असं तिनं विचारलं. करडीच्या तेलाचं नाव निघाल्यावर माणिकराव पायाच्या अंगठ्याकडं बघायला लागले. नर्मदाबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या, पण त्यांच्या तोंडावर जे होतं ते माणिकरावांना न बघताही दिसत होतं.

डॉक्टर रागावली नाही. कुत्र्याच्या कानाची नळी माणसासारखी सरळ नसते, तिनं टेबलावर बोटानं काढून दाखवलं. ती आधी सरळ खाली उतरते आणि मग आत वळते. गेलेलं पाणी त्या वळणात बसून राहतं. त्यात वजीराचे कान लोंबणारे, केसाळ, वारा न लागणारे. ऊब आणि ओल मिळाली की तिथं बुरशी माजते, मग जंतू येतात. तेलानं तर त्यांची आणखी सोय होते. "आणि काका, आतला पडदा फाटलेला असला तर वरून ओतलेलं काहीही थेट आत जातं. कुत्रा बहिरा होऊ शकतो, त्याचा तोल जाऊ शकतो. म्हणून आधी बघायचं, मग घालायचं."

वजीराला दुखणं कमी होण्याचं आणि जरा गुंगीचं इंजेक्शन दिलं. तो सुस्तावला तेव्हा तिनं दिव्याच्या दुर्बिणीनं कानात बघितलं. पडदा शाबूत होता. उजवा कानही नुकता बिघडायला लागला होता. मग कापसाच्या काडीवर थोडी घाण घेऊन तिनं ती काचेच्या पट्टीवर पसरली, रंग लावला, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. स्वतः बघून झाल्यावर तिनं माणिकरावांनाही बोलावलं.

माणिकरावांनी एक डोळा मिटून बघितलं. आत जांभळे जांभळे दाणे दाटीवाटीनं पडले होते, मधोमध चिमटलेले.

"शेंगावानी दिसायलेत. भुईमुगाच्या," ते म्हणाले.

"तीच बुरशी," डॉक्टर म्हणाली. "पीक चांगलं आलंय."

तेव्हा कुठं माणिकरावांना हसू आलं. नर्मदाबाईंनीही येऊन बघितलं. दारात उभे असलेले आबासाहेबसुद्धा चष्मा कपाळावर सारून बघून गेले.

डॉक्टरनं दोन्ही कान धुऊन काढले. तिनं एक धुण्याचं औषध दिलं आणि एक थेंबांचं, आणि कसं घालायचं ते करून दाखवलं. कान वर उचलायचा, धुण्याचं औषध नळी भरेपर्यंत सोडायचं, कानाच्या मुळाशी बोटांनी चोळायचं, आतून पचपच आवाज आला पाहिजे. मग कुत्र्याला डोकं झटकू द्यायचं, आणि जे बाहेर येईल तेवढंच कापसानं टिपायचं. काडी आत घालायची नाही. काडीनं घाण आणखी आत ढकलली जाते. थोडं सुकलं की थेंब. आणि एक गोष्ट तिनं दोनदा सांगितली, की बरा दिसला म्हणून औषध मध्येच थांबवू नका, संपेपर्यंत घाला आणि मला परत दाखवायला आणा. तोवर कालवा बंद.

घरी आल्यावर पहिले काही दिवस फार धमाल झाली. वजीराला बाटलीच्या झाकणाचा आवाज ओळखू यायला लागला. झाकण फिरलं की हा बाजेखाली. मग माणिकरावांनी बाजेखाली शिरायचं, मागचे पाय धरून ओढायचं, नर्मदाबाईंनी त्याला गोधडीत गुंडाळून पायांत धरायचं, आणि त्याच्याशी तान्ह्या लेकराशी बोलावं तसं बोलत राहायचं. माणिकराव औषध सोडायचे, मुळाशी चोळायचे, आणि पचपच आवाज आला की खूश व्हायचे. मग वजीर डोकं झटकायचा आणि निम्मं औषध माणिकरावांच्या चष्म्यावर. नर्मदाबाई इतक्या हसायच्या की गोधडी सुटायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघांनी मिळून रोज असं एखादं काम करावं असं त्या घरात आधी कधी घडलं नव्हतं.

हळूहळू वास गेला. लाली उतरली. एका दुपारी वजीर आपणहून आला आणि त्यानं नर्मदाबाईंच्या मांडीवर डोकं टाकलं, डावा कान वर. त्यांनी हात थांबवून जरा वाट बघितली, मग कान चोळला. वजीरानं डोळे मिटले. माणिकराव लगेच म्हणाले की झालं, आता कशाला औषध. नर्मदाबाईंनी डॉक्टरीणबाईंचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं आणि बाटली त्यांच्या हातात दिली.

वजीर बरा झाला, पण गाव बरं व्हायला वेळ लागला. माणिकरावांनी सगळ्यांपुढं सांगितलं होतं खरं, तरी माणसाला एकदा सवय लागली की सुटत नाही. वजीर पुन्हा हॉटेलावर येऊ लागला तशी माणसंही येऊ लागली. आणि आता नवीनच पंचाईत झाली. वजीराचे कान दुखत नव्हते, त्यामुळं तो डोकं हलवत नव्हता. प्रश्न ऐकायचा, शेपटी हलवायचा आणि बिस्किटाची वाट बघायचा. गावानं त्याचा अर्थ लावला की वजीर हो म्हणतो. एका दिवसात त्यानं पप्पूला परभणीत दुसरं हॉटेल, सिद्धोधनांना एक घोडी, आणि लिंबाजीला मुलीच्या लग्नात मोठा डीजे मंजूर केला.

माणिकरावांचा जीव वरखाली व्हायला लागला. नाहीनं कुणाचं बिघडलं नव्हतं. ह्या होनं मात्र निम्मं गाव रस्त्यावर आलं असतं. त्यांनी पप्पूला बाजूला घेऊन समजावलं, सिद्धोधनांना विचारलं की घोडी बांधणार कुठं. सिद्धोधनांनी विचार केला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की बांधायला जागाच नाही. तरी माणिकरावांना अजून खात्री नव्हती की आपलं कुणी ऐकतंय.

मग आबासाहेब आले. ह्या वेळी गाडी नव्हती, माणसांचा घोळकाही नव्हता. ते चालत अंगणात आले आणि बाजेवर बसले. वजीराची चौकशी केली, त्याचे कान उलटे करून बघितले. नंतर जरा ओशाळून म्हणाले की त्या दिवशीचा प्रश्न अर्धाच राहिला होता. खांबांचा ट्रक सांगायचा आहे. आणि त्यांनी वजीराला विचारलं की बाग लावू का.

वजीर त्यांच्या बुटाचा वास घेत होता. त्यानं डोकं वर केलं, शेपटी हलवली, आणि पुन्हा बुटाकडं वळला.

आबासाहेब उठायला लागले. नर्मदाबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी माणिकरावांकडं बघितलं. माणिकरावांना वाटलं, नेहमीसारखं आता कुणीतरी मोठ्यानं बोलेल आणि आपली सुटका होईल. पण अंगणात दुसरं कुणी नव्हतं.

"न्हाई," माणिकराव म्हणाले.

आबासाहेब थांबले. "वजीर तर हो म्हनायलाय."

"वजीराला काई कळत न्हाई, आबासाहेब. मी सांगायलोय. त्या रानात बाग लावू नका. कालवा वाहायला लागला की तुमच्या खालच्या अंगाला पानी झिरपतं आन महिना महिना हटत न्हाई. माज्या बांधावरून मी दरसाल बघतो. त्या झाडाच्या मुळ्या कुजतील."

हे एवढं लांब बोलणं संपेपर्यंत कुणी मध्ये बोललं नाही. आबासाहेब पुन्हा बाजेवर बसले. माणिकरावांना वाटलं की आता गावात राहणं अवघड आहे. मग आबासाहेबांनी नर्मदाबाईंकडं चहा मागितला.

"पानी साचतं हे मलाबी म्हाइत हाय," ते हळूच म्हणाले. "एवढ्या लोकांना इचारलं, एकानं तरी म्हनावं ना. सगळे हो साहेब, हो साहेब. मलाच वाटायला लागलं, आपलंच डोकं फिरलं का काय."

चहा झाल्यावर ते माणिकरावांना घेऊनच रानात गेले. दोघं अंधार पडेपर्यंत बांधाबांधानं फिरले. चर कुठून काढावा, पाणी ओढ्याला कसं लावावं, ह्यावर दोघांचं एकमत झालं नाही, आणि माणिकरावांना स्वतःचंच नवल वाटलं की आपण आबासाहेबांशी वाद घालतोय. त्या साली आबासाहेबांनी बाग लावली नाही, चर काढला. पप्पूनं परभणीच्या हॉटेलाचा नाद सोडला. लिंबाजीनं मात्र डीजे आणलाच, आणि वरातीत माणिकराव नर्मदाबाईंच्या आग्रहावरून थोडेसे नाचलेही.

दाखवायची वेळ आली तेव्हा वजीराला परत परभणीला नेलं. डॉक्टरनं पुन्हा कानातलं काचेच्या पट्टीवर घेऊन बघितलं, दोन्ही कान स्वच्छ असल्याचं सांगितलं. आता पोहू दे, पण बाहेर आला की कान मऊ फडक्यानं कोरडे करायचे, आणि आठवड्यातून एकदा उलटे करून बघायचं, वास घ्यायचा.

हे वास घेणं माणिकरावांच्या अंगात भिनलं. रस्त्यातलं कुठलंही कुत्रं मान कलती करून दिसलं की ते थांबायचे. एकदा शेजारच्या बायनाबाई आपली मांजर परडीत घालून घेऊन आल्या. मांजर दिवसभर कान खाजवत होती, कानामागं ओरखडून जखमा झाल्या होत्या. वजीराचं उरलेलं औषध असेल तर दोन थेंब घाला म्हणाल्या. माणिकरावांनी कान उलटा करून बघितला. आत चहाच्या चोथ्यासारखी काळी, कोरडी भुकटी भरलेली. वजीराच्या कानात असलं काही नव्हतं. त्यांनी बाटली काही काढली नाही. कुत्र्याचं औषध मांजराला चालेलच असं नाही, मांजराचं आपण काही सांगू शकत नाही, दवाखान्यात जाऊ, मी येतो संगं, असं ते म्हणाले.

बायनाबाई कुरकुरल्या, पण आल्या. परभणीच्या रिक्षात परडी माणिकरावांच्या मांडीवर होती, आणि मांजरीनं परडीवर बांधलेल्या फडक्यातून पंजा काढून त्यांच्या हातावर आपली मतं नोंदवली. डॉक्टरनं ती काळी भुकटी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तर आत बारीक किडे चालत होते, आठ पायांचे, वळवळणारे. कानातले गोचिडच म्हणा, ती म्हणाली. मांजरांना हे फार होतं, एकीचे दुसरीला लागतात, म्हणून घरातल्या सगळ्यांनाच औषध करावं लागेल. घरात आणखी किती मांजरं आहेत, असं तिनं विचारलं.

बायनाबाईंनी जरा विचार केला आणि सांगितलं की माळ्यावर पिल्लं आहेत, पण किती ते त्यांनाही माहीत नाही.

मग दुसऱ्या दिवशी माणिकराव शिडी लावून बायनाबाईंच्या माळ्यावर चढले. खाली नर्मदाबाई परडी धरून उभ्या होत्या, आणि वरून एकेक फिसकारणारं पिल्लू येत होतं.